मातीची कामे

चटणी वाटून झाली की पुदिन्याच्या दोन-चार काड्या ओट्यावर उरतात. त्यांची खालची पाने खुडून त्या पेलाभर पाण्यात उभ्या केल्या, तर आठ-दहा दिवसांत पेरापेरातून पांढरी मुळे फुटतात आणि शेंड्याला नवी पाने येतात. पण तिसरा-चौथा आठवडा लागला की चित्र बदलते. नवी पाने बारीक येतात, जुनी पिवळी पडून गळतात, काडी नुसतीच लांब होत जाते. ती मरत नाही आणि वाढतही नाही. पाणी आहे, खिडकीतून उजेड येतो आहे, हवा आहे. मग अडते कुठे?

हाच प्रश्न, पुदिन्यालाच हाताशी धरून, लंडनच्या जॉन वुडवर्ड यांनी सोडवायला घेतला होता. पुदिन्याची रोपे त्यांनी वेगवेगळ्या कुप्यांमध्ये ठेवली. एकीत पावसाचे पाणी, एकीत टेम्स नदीचे, एकीत बागेतली माती कालवलेले. १६९९ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. पावसाच्या पाण्यापेक्षा नदीच्या पाण्यात वाढ जास्त, आणि माती कालवलेल्या पाण्यात त्याहून जास्त. म्हणजे रोप पाण्यावर नव्हे, पाण्यातून येणाऱ्या मातीवर वाढते, असे त्यांनी ठरवले. त्याआधी अर्धशतक यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यांनी उलटे सांगितले होते. त्यांनी कुंडीत विलोचे पाच पौंडांचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले आणि कुंडीतली माती जेमतेम दोन औंसांनी घटली. त्यांच्या मते सगळे झाड पाण्याचे बनले होते. दोघेही अर्धे बरोबर होते. झाडाच्या सुक्या वजनातला सर्वांत मोठा वाटा कार्बनचा, आणि तो पाने हवेतून घेतात. तो या दोघांनाही दिसला नव्हता. पण फान हेल्मोंट यांनी मोजलेली ती दोन औंस घट बिनमहत्त्वाची नव्हती. आपल्या पेल्यातल्या पुदिन्याचे अडते ते त्या दोन औंसांपाशी.

१८६० मध्ये जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ युलियुस फॉन झाक्स यांनी मोजून-मापून क्षार विरघळवलेल्या पाण्यात, मातीचा कणही न वापरता, रोपे वाढवून दाखवली. त्यांच्या पाठोपाठ विल्हेल्म क्नॉप यांनी आपले द्रावण सिद्ध केले आणि ते पुढे कित्येक पिढ्या प्रयोगशाळांत वापरात राहिले. मात्र प्रयोगशाळेतली ही युक्ती शेतीसाठी वापरावी, असा ध्यास घेतला तो कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिके यांनी. १९२९ पासून त्यांनी त्याबद्दल लिहिले आणि १९३७ मध्ये या पद्धतीला हायड्रोपोनिक्स हे नाव दिले. ग्रीक भाषेत हुदोर म्हणजे पाणी आणि पोनोस म्हणजे श्रम. पाण्याचे श्रम. मला हे नाव फार अचूक वाटते, कारण माती काढून टाकली की ती करत होती ते सगळे श्रम कुणीतरी अंगावर घ्यावेच लागतात. थोडे पाण्यावर पडतात, बाकीचे आपल्यावर.

गेरिके यांच्या उंचच उंच टोमॅटोंची वर्तमानपत्रांत इतकी वर्णने आली की लोकांना ती जादू वाटू लागली. तेव्हा त्याच विद्यापीठातल्या डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी १९३८ मध्ये एक पुस्तिका काढून शांतपणे सांगितले की चांगल्या मातीत येते त्याहून पाण्यात काही जास्त येत नाही. ते आजही तितकेच खरे आहे. त्यांनी दिलेले द्रावणाचे सूत्र जगभर चालते, पण त्यांचा हा इशारा मात्र यंत्रे विकणाऱ्यांच्या पत्रकांत कधी दिसत नाही. ज्याच्याकडे अंगण आहे, परसात दोन वाफे आहेत, त्याने कोथिंबीर जमिनीतच लावावी. हा सगळा खटाटोप आहे तो डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी. माझ्या वाट्याला पूर्वेची एक खिडकी आली आहे आणि माती आणायची म्हटली तर ती विकत आणून जिन्याने वर चढवावी लागते.

मग माती नक्की करते तरी काय? ती रोपाला उभे धरते. पाणी साठवून हळूहळू देते. अन्नद्रव्ये धरून ठेवते, आणि शेणखतातल्या, पालापाचोळ्यातल्या नत्राचे रोपाला घेता येईल असे रूप करणारे असंख्य सूक्ष्मजीव पोसते. पाण्याचा आम्ल-अल्कधर्मी तोल ती सहज बिघडू देत नाही. आपण एखाद्या दिवशी खत जास्त टाकले किंवा पाणी विसरलो तरी ती सांभाळून घेते. आणि या सगळ्यांबरोबर ती एक काम करते ते आपल्या लक्षातच येत नाही. दोन कणांमधल्या पोकळीत ती हवा राखते.

मुळेही श्वास घेतात. पान उजेडात प्राणवायू तयार करते, पण मुळे अंधारात असतात. क्षार आत ओढून घेण्यासाठी लागणारी ऊर्जा त्यांना साखर जाळूनच मिळवावी लागते आणि त्यासाठी प्राणवायू बाहेरून हवा असतो. कुंडीत रोज भरपूर पाणी घातले की झाड कुजते, ते पाण्याने नव्हे, हवा कोंडल्याने. भात पाण्यात उभा राहतो, कारण त्याच्या खोडातून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ नळ्या गेलेल्या असतात. तळ्याकाठच्या नाळीच्या भाजीचेही तसेच, तिचा देठ मोडून पाहिला की पोकळी दिसते. लेट्यूसला ही सोय फारशी नाही. आणि पाण्यात प्राणवायू मावतो तरी किती? २० अंश तापमानाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात मुळांची भूक वाढते आणि ताटातले कमी होते. त्याच उबदार, कोंदट पाण्यात पिथियम नावाचा बुरशीसारखा जीव फोफावतो. पांढरी मुळे तपकिरी, बुळबुळीत होतात आणि झाकण उचलताच कुबट वास येतो.

म्हणूनच पाण्यावरची शेती म्हटली की पंप, नळ्या आणि बुडबुडे डोळ्यांसमोर येतात. इंग्लंडमध्ये अॅलन कूपर यांनी उतरत्या पन्हळीतून द्रावणाचा पातळ पापुद्रा सतत वाहता ठेवण्याची पद्धत बसवली, ती मुळांच्या या श्वासासाठीच. आज मोठ्या पॉलिहाऊसमधून लेट्यूस येते ते बहुधा अशाच पन्हळींतून. आपल्याच देशात १९४६-४७ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँगला वेगळी वाट काढली. खडी आणि जाड वाळूच्या वाफ्यावर कोरडी खते शिंपडायची आणि वरून हाताने पाणी द्यायचे. वीज नको, नळ नको. बंगाल पद्धत म्हणून तिच्यावर त्यांनी १९५१ मध्ये पुस्तक लिहिले. साध्या माणसाला परवडेल असे काही शोधण्याची ती दृष्टी मला फार मोलाची वाटते.

घरासाठी मात्र मी सगळ्यांना सांगतो ती हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रात्की यांची पद्धत. तिच्यात पंप नाही, वीज नाही आणि काही दुरुस्त करायलाही नाही. एका झाकणाच्या डब्यात द्रावण भरायचे. झाकणाला भोक पाडून त्यात जाळीचा छोटा कप बसवायचा आणि कपात रोप. सुरुवातीला द्रावण कपाच्या तळाला जेमतेम बोटाच्या पेराइतके लागले पाहिजे. रोप पाणी पिते तशी पातळी खाली जाते आणि झाकणाखाली ओलसर हवेचा थर तयार होतो. आता रोप आपली मुळे दोन कामांना वाटून देते. खालची पाण्यात उतरून पाणी-क्षार घेतात. वरची, त्या दमट पोकळीतली, केसाळ होतात आणि हवा घेतात. पाणी उतरत जाणे ही इथे चूक नसून तीच युक्ती आहे. एका लेट्यूसला पेरणीपासून कापणीपर्यंत सुमारे चार लिटर द्रावण पुरते. म्हणजे डबा नीट निवडला तर भरून ठेवल्यावर दीड महिना त्याला हात लावावा लागत नाही.

आणि हात न लावणे हेच कठीण जाते. माझ्या पहिल्या खेपेला तिसऱ्या आठवड्यात डबा अर्धा रिकामा दिसला तेव्हा मी प्रेमाने तो काठोकाठ भरला. दोन दिवसांत तीनही रोपे माना टाकून बसली. हवेत श्वास घ्यायला शिकलेली मुळे मी बुडवली होती. ती पुन्हा पाण्यातली मुळे होत नाहीत. पाणी फारच कमी झाले तर डब्याच्या तळच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत भरावे. वरची मुळे हवेतच राहू द्यावीत.

दुसरी चूक काचेच्या बरणीची. आत मुळे दिसतात म्हणून काच घ्यावीशी वाटते, पण क्षारांचे पाणी आणि उजेड एकत्र आले की आठवड्यात शेवाळ धरते. ते रोपाचे अन्न खाते आणि रात्री प्राणवायूही. डबा अपारदर्शक हवा. पारदर्शक असेल तर त्याला वर्तमानपत्राचे चार पदर आणि वरून पांढरा कागद गुंडाळावा. पांढरा अशासाठी की ऊन परतवले जाते आणि पाणी कमी तापते. श्रीखंडाचे, लोण्याचे मोठे प्लॅस्टिकचे डबे यासाठी उत्तम. मातीचा माठ पाणी गार ठेवेल असे सुचते खरे, पण तो घेऊ नये. माठातून पाणी पाझरून उडून जाते, क्षार मागे राहतात, बाहेर पांढरे पोपडे धरतात आणि आतले द्रावण दाट होत जाते. त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या डब्यालाच ओले फडके गुंडाळावे.

पावसाळ्यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. डेंग्यूचा एडीस डास घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर महापालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते आणि तपासणीला आलेले कर्मचारी मनी प्लांटच्या बाटल्या रिकाम्या करायला लावतात. क्रात्कीचा डबा दीड महिना रिकामा करता येत नाही. त्यामुळे झाकण घट्ट हवे, कपाभोवतीची फट फोमने बुजवलेली हवी आणि कपातही रिकामी जागा राहता कामा नये. एखादे भोक मोकळे असेल तर त्याला नायलॉनच्या जाळीचा तुकडा रबराने बांधून टाकावा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलांच्या तब्येतीशी जोडलेली गोष्ट आहे, त्यामुळे हिच्यात मी तडजोड करत नाही.

आता मातीचे सर्वांत अवघड काम, अन्न देण्याचे. वनस्पतीला जगायला सतरा मूलद्रव्ये लागतात. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवा-पाण्यातून येतात. उरलेली चौदा मुळांतून. त्यांतली नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक ही सहा बऱ्यापैकी प्रमाणात, आणि लोह, मँगनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन, निकेल ही आठ अगदी लेशमात्र. एक जरी कमी पडले तरी बाकीची तेरा तशीच पडून राहतात. आपल्या पेल्यातल्या पुदिन्याने काडीत साठवलेला नत्र संपवला, जुन्या पानांतला काढून नव्या पानांना दिला आणि मग तो थांबला. जुनी पाने पिवळी पडली ती त्यामुळे. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असे दिसले, तर लोह कमी आहे असे समजावे. जुन्या पानातले लोह रोपाला उचलून नव्या पानाकडे नेता येत नाही.

द्राक्षाच्या, डाळिंबाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ठिबकमधून द्यायची विद्राव्य खते मिळतात. शेतकरी त्यांना नत्र-स्फुरद-पालाशाच्या आकड्यांनीच हाक मारतात. एकोणीस-एकोणीस-एकोणीस, तेरा-शून्य-पंचेचाळीस, शून्य-बावन्न-चौतीस. शहरातल्या माणसाला वाटते की सगळे आकडे सारखे असलेले एकोणीसच सर्वांत संतुलित. त्यावर अनेकांची रोपे बसली आहेत. त्या खतात कॅल्शियम नाही आणि त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. शेतात मातीतले जिवाणू युरियाचे नायट्रेट करतात. डब्यात ते जिवाणू पुरेसे नाहीत, आणि युरिया तसाच राहतो.

ज्यांच्याकडे दहाव्या भागापर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आहे, त्यांच्यासाठी दहा लिटर पाण्याचे प्रमाण सांगतो. ६ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, साडेतीन ग्रॅम तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, दीड ग्रॅम शून्य-बावन्न-चौतीस, आणि साडेतीन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. याने लिटरमागे साधारण १४० मिलिग्रॅम नत्र, ३४ स्फुरद, १७५ पालाश आणि ११० कॅल्शियम मिळते. पानांच्या भाजीला ते छान मानवते. याशिवाय चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण लागते. ते मात्र खास हायड्रोपोनिक्ससाठी बनवलेले घ्यावे आणि वेष्टनावरच्या प्रमाणातच. फवारणीच्या मिश्रणात जस्त-तांबे इतके असते की अंदाजाने टाकले तर मुळे करपतात. काट्याचा कंटाळा असेल तर बाजारात अ आणि ब अशा दोन बाटल्यांचे तयार द्रावण मिळते, ते वापरण्यात काही कमीपणा नाही.

बाटल्या दोन का, याचे उत्तर स्वयंपाकघरातच करून पाहण्यासारखे आहे. वाटीभर पाण्यात कॅल्शियम नायट्रेट दाट विरघळवा, दुसऱ्या वाटीत मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही पाणी स्वच्छ. एकात एक ओतले की दुधासारखा साका. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन जिप्सम तयार झाले. फॉस्फेटबरोबरही असेच होते. साक्यात गेलेले कॅल्शियम मुळांना मिळत नाही. म्हणून प्रत्येक खत आधी भरपूर पाण्यात विरघळवून मगच दुसरे टाकायचे. पातळ द्रावणात ते एकमेकांना भेटून बसत नाहीत. खतांची पाकिटे मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी, आणि पोटॅशियम नायट्रेट गॅसपासून लांब ठेवावे. ते आगीला जोर देते.

शेजारच्या काकू साताऱ्याच्या. त्यांनी माझे डबे पाहून पहिलाच प्रश्न केला, "अहो, एवढं पुड्यांतलं कशाला घालता? जीवामृत घातलं तर नाही का चालणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. गूळ, बेसन, शेण, गोमूत्र यांचे जीवामृत हे मातीतल्या जिवांना दिलेले जेवण आहे. ते जिवाणू पुढे रोपाला वाढतात. डब्यातल्या शांत पाण्यात तेच जिवाणू साखरेवर तुटून पडतात, असेल तेवढा प्राणवायू संपवतात आणि मुळे कुजतात. तांदूळ धुतलेले पाणी, केळ्याच्या सालीचे पाणी, अंड्याची टरफले, कशाचीच गत वेगळी होत नाही. काकूंचा दुसरा प्रश्न होता की मग ही भाजी रासायनिक झाली की. मूळ शेवटी नायट्रेटच घेते, ते शेणखतातून आलेले असो की पुडीतून. त्यात फरक नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची. उजेड कमी असेल तर लेट्यूस घेतलेल्या नायट्रेटचे प्रथिन करू शकत नाही आणि ते पानात साठवून ठेवते. युरोपीय संघाने लेट्यूसमधल्या नायट्रेटला कायद्याने मर्यादा घातली आहे ती यासाठीच. म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात दाट द्रावणावर वाढवलेली भाजी खाऊ नये, आणि कापणी दिवसभराच्या उजेडानंतर संध्याकाळी करावी.

पाण्याबद्दल थोडेसेच. मुंबई-पुण्याला धरणांचे पाणी येते ते मऊ असते. रात्रभर उघड्या बादलीत ठेवले की क्लोरीन उडून जातो. बोअरच्या जड पाण्यात आधीच क्षार असतात आणि ते द्रावणाला अल्कधर्मी बाजूला ओढते. सामू, म्हणजे पीएच, साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. त्याच्या वर गेला की लोह असूनही मुळांना मिळेनासे होते. तपासायला रंग बदलणारे थेंब पुरतात. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी वापरून बचत करण्याचा मोह होतो, पण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात गेलेले असतात. ते फरशी पुसायला ठेवावे.

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवतात. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. खिडकीपासून दोन-तीन पावले आत आले की हजाराच्या आत येतो, आणि तरीही आपल्याला खोली लख्ख वाटते, कारण बाहुली मोठी होते. पानाला बाहुली नसते. त्याला जे मिळते तेवढेच मिळते. लेट्यूसचे देठ लांबुडके आणि मान वाकडी झाली तर दुसरे कारण शोधू नये. पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीत रोज चार-पाच तास थेट ऊन असेल तर काम भागते. नसेल तर पांढऱ्या एलईडी ट्यूब लावाव्या. २० वॉटच्या दोन, रोपांच्या वर वीतभर अंतरावर, दिवसाला चौदा तास. महिन्याला सुमारे सतरा युनिट वीज लागते. जांभळ्या दिव्यांची गरज नाही. साधा पांढरा प्रकाश पानांना पूर्ण चालतो आणि त्यात पानाचा आजारही ओळखता येतो.

विजेचा विचार इथे थोडा लांबवावासा वाटतो. पाण्यावरची शेती पाणी वाचवते हे खरे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यासाठी संशोधकांनी लेट्यूसचा हिशेब मांडला. शेतातल्यापेक्षा तेरापटीने कमी पाणी, अकरापट उत्पन्न, आणि ब्याऐंशीपट ऊर्जा. गरम-थंड राखलेल्या हरितगृहाचा तो हिशेब होता, घरातल्या खिडकीचा नव्हे. पण त्यातून मी एक गोष्ट शिकलो. जिथे ऊन फुकट मिळते तिथे दिवा लावू नये, आणि जो ऋतू रोपाचा नाही त्या ऋतूत वीज जाळून ते वाढवण्याचा हट्ट धरू नये.

कारण लेट्यूस हे मुळात थंडीचे लेकरू. त्याचे बी तिशीच्या आसपासच्या उष्णतेत झोपी जाते आणि पेरणाऱ्याला वाटते बीच खराब. मेमध्ये पाकीट फोडून निराश झालेले अनेकजण मला माहीत आहेत. ओल्या टिश्यूवर बी पसरून एक-दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले की ते जागे होते. शिवाय त्याला रुजताना उजेड लागतो. मेथी-धण्यासारखे ते मातीखाली गाडायचे नाही, ओल्या फोमच्या चिरेत वरच्यावर ठेवायचे. लेट्यूसच्या बियांवर तांबडा प्रकाश टाकला की त्या रुजतात आणि त्याहून गडद, अतिलाल प्रकाश टाकला की थांबतात, हे अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांनी १९५२ मध्ये दाखवले. वनस्पतींना उजेड कसा कळतो याचा उलगडा तिथून सुरू झाला. इतक्या क्षुल्लक दिसणाऱ्या बियाने केवढे दार उघडले!

आपल्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी पेरले तर डिसेंबरात पाने ताटात येतात. मोकळ्या पानांच्या जाती घ्याव्या; आइसबर्गचा गड्डा घरात धरत नाही. बाहेरची पाने खुडत गेले तर तेच रोप महिनाभर देत राहते. फेब्रुवारी संपता संपता ते मधूनच उंच धावू लागते, देठातून पांढरा चीक येतो आणि पाने कडू होतात. या चिकावरूनच त्याचे शास्त्रीय नाव लाक्टुका, लॅटिनमधल्या दुधापासून आलेले. पाने कडू झाली की रोप काढून टाकावे. आतली कोवळी पाने कडेने करपलेली दिसली तर घाबरून कॅल्शियम वाढवू नये. कॅल्शियम पानाच्या घामाबरोबर वर चढते आणि कोंदट हवेत मिटलेल्या पानांना घाम येत नाही. टेबलफॅन हळू सोडला की पुढची पाने नीट येतात.

उन्हाळ्यासाठी माझ्याकडे दुसरा सोबती आहे, आणि तो वाण्याकडे मिळतो. फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे गोड तुळशीचे बी, ज्याला हॉटेलवाले बेसिल म्हणतात त्याच वनस्पतीचे. विलायती पाकिटातल्या जातीपेक्षा त्याची पाने लहान आणि वास थोडा तिखट, पण उष्णता त्याला मानवते. चिमूटभर सब्जा ओल्या फोमवर टाकला की प्रत्येक बी जेलीचा अंगरखा घालते आणि चार-सहा दिवसांत दोन गुबगुबीत दळे वर येतात. शेंडा खुडत राहिले की झुडूप भरते. तुरा येऊ देऊ नये, पाने मग राठ होतात.

कोथिंबिरीने मला सर्वांत जास्त दमवले. धणा म्हणजे एक बी नव्हे, दोन बियांची जोडी. आजी परातीत धणे हलके रगडून, दोन फाका करूनच वाफ्यात टाकायची, ते त्यासाठी. रुजायला दहा-बारा दिवस लागतात, आणि सोटमुळ असल्याने एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावलेले तिला आवडत नाही. पंचविशीच्या वर पारा गेला की फुलावर जाण्याची घाई. मी तिच्यासाठी उथळ ट्रे घेतो. जाळीच्या टोपलीत कोकोपीटचा बोटभर थर, त्यात धणे दाट पेरून, टोपली द्रावणावर टेकवलेली. थंडीत पाच-सहा आठवड्यांनी मूठभर जुडी निघते. बाजारातली जुडी याहून स्वस्त आणि मोठी असते, हे मान्य करायला हवे. पण संध्याकाळी आमटी उतरवताना कात्रीने कापलेल्या चार काड्यांचा जो वास घरभर पसरतो, तो ओल्या गोणपाटातून दोन दिवस प्रवास केलेल्या जुडीत राहिलेला नसतो.

आणि पेल्यातला पुदिना? त्याला मी तीन लिटरच्या डब्यात हलवले, द्रावण थोडे पातळ करून. पहिले आठ दिवस काहीच झाले नाही. मग पेरापेरातून आडव्या फांद्या सुटल्या आणि जुन्या पिवळ्या पानांच्या बगलेत गडद हिरवी, सुरकुतलेली पाने आली. काल झाकण उचलून पाहिले. वर केसाळ मुळांची दाट झालर हवेत लोंबत होती आणि तिच्या टोकाकडची लांब पांढरी मुळे खालच्या दोन बोटे पाण्यात गेली होती. पाणी भरायचा मोह झाला. झाकण पुन्हा लावून टाकले.